वृद्धांची गात्रे आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंकालीन सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने गतकालाचे स्मरण करावे, ज्यांनी ही वेदी उभारली त्यांचे गुण गावेत आणि परमेश्वराचे उपकार मानून खाली बसावे, असा प्रघात आहे. तो मोडण्याची माझी इच्छा नाही. परंतु ते कार्य आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी याच व्यासपीठावरून माझ्याहून अधिक योग्यतेने केलेले आहे. सबब मी आज एका साध्या, कित्येकांस क्षुल्लकही वाटेल अशा विषयावर बोलणार आहे. आश्रमात राहणाऱ्या दुर्बल वृद्धांनी खुर्चीवर बसल्या बसल्या करावयाचा सौम्य व्यायाम, हा तो विषय होय. फादरना आज झाले तरी काय, असे मागच्या बाकांवर कोणी कुजबुजले असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा.

पन्नास वर्षांपूर्वी या मंदिराचा पाया खणला गेला तेव्हा ज्यांनी डोक्यावरून गिट्टीच्या पाट्या वाहिल्या आणि वैशाखाच्या उन्हात दूरच्या विहिरीवरून पाणी आणले, त्यांपैकी बहुतेक मंडळी प्रभूच्या घरी गेली. जी थोडी मागे राहिली, त्यांतील तिघेजण आज आपापल्या घरी नसून आश्रमात आहेत. मुले नोकरीधंद्यासाठी नागपुरास, पुण्यास, हैदराबादेस गेली. घराला कुलूप लागले. मी कोणास दोष देत नाही. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्मघाताच्या वार्ता साऱ्या देशाने वाचल्या; परंतु त्या घरांत मागे उरलेल्या म्हाताऱ्या मायबापांची वार्ता फारशी कोणी छापीत नाही. त्यांपैकी काहींस शेवटी आश्रमाचेच छप्पर मिळते. आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथे संत दोला महाराजांच्या नावाने चालणारा वृद्धाश्रम आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठी ओलांडलेले लोक दहा कोटींहून अधिक भरले, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम असावेत, अशी तरतूद २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात करावी लागली. आश्रमात जाणे ही पूर्वी लाजेची गोष्ट मानीत. आता ती अनेकांच्या वाट्यास येणारी गोष्ट झाली आहे, आणि या सभेत बसलेल्यांपैकी काहींच्या, कदाचित माझ्याही, वाट्यास ती येईल.

आता आपण आश्रमास भेट देतो ती कशी देतो, हे पाहू. नाताळात आणि धर्मग्रामाच्या सणास आपण एक गाडी करतो, केळी व संत्री घेतो, थंडीचे दिवस असले तर ब्लँकेटे घेतो. तेथे वृद्ध मंडळी आधीच ओळीने बसवून ठेवलेली असतात. आपण दोन गीते गातो, फळे हातांत देतो, छायाचित्र काढतो आणि तासाभरात परततो. यात पाप काही नाही. देणाऱ्याचा भाव शुद्धच असतो. परंतु मागील नाताळात मी मुद्दाम पाहत बसलो होतो. त्या सबंध तासात एकही वृद्ध आपल्या खुर्चीवरून उठला नाही. संत्र्याची सालदेखील आम्हीच सोलून दिली. एका आजींनी फळ घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा आमच्या एका उत्साही तरुणाने प्रेमाने त्यांचा हात खाली ठेवून फोड त्यांच्या मुखातच घातली. सर्वांस ते फार गोड वाटले. मला मात्र माझ्या वडिलांची आठवण झाली.

माझे वडील शाळामास्तर होते. आयुष्याची शेवटची दोन वर्षे ते दूरच्या एका गावी, वृद्धांच्या एका निवासात होते. मी धर्मगुरू, भावंडे परगावी, दुसरा उपाय नव्हता. एके सकाळी ते न्हाणीघरात घसरले. हाड काही मोडले नाही. परंतु मी तातडीने गेलो आणि मोठ्या शहाणपणाने तेथील मंडळींस बजावून आलो की, यापुढे यांस उठू देऊ नका, सर्व काही जागेवरच द्या. बाबांस म्हणालो, "बाबा, आता तुम्ही फक्त विश्रांती घ्या. आयुष्यभर उभे राहून शिकविलेत, तेवढे पुरे झाले." तीन महिन्यांत त्यांचे पाय काठ्यांसारखे झाले. मी तेथे जाऊन त्यांच्या खाटेपाशी मिस्सा अर्पण करीत असे. शुभवर्तमानाच्या वेळी आपण सर्व उभे राहतो. त्या वेळी चादरीखाली त्यांच्या पायांची बोटे हलू लागत. चादर विसकटली असे समजून मी ती सारखी करीत असे. ते उठून उभे राहण्याचा यत्न करीत होते, हे मला त्यांच्या मरणानंतर पुष्कळ वर्षांनी, व्यायामोपचार जाणणाऱ्या एका धर्मभगिनीने वृद्धांच्या गात्रांविषयी समजावून सांगितले तेव्हा उमगले. आज मी जे काही सांगत आहे त्याचा उगम त्या चादरीत आहे.

त्या भगिनीने सांगितले ते असे. स्नायू म्हणजे पेटीत ठेवलेले धन नव्हे, की न वापरल्याने ते शिल्लक राहावे. तो शेतासारखा आहे; पडीक टाकला की रान माजते. म्हातारपणी माणूस काही दिवस अंथरुणास खिळला, तर त्याच्या मांड्यांतील बळ ज्या वेगाने ओसरते त्याच्या कितीतरी मंद गतीने ते परत येते, आणि कित्येकदा पुरते येतच नाही. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलण्यास साहाय्य करतात. ते निजले की पाय सुजतात, आणि एकदम उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. छाती पुरती फुगत नाही, म्हणून कफ साचतो. एकाच जागी भार पडून शय्याव्रण होतात. याहून घातक गोष्ट मनाची. एकदा पडलेला वृद्ध पुन्हा पडण्यास भितो. भितो म्हणून हालत नाही. हालत नाही म्हणून दुर्बल होतो. आणि दुर्बल झाला म्हणून खरोखरच पडतो. हे चक्र प्रेमाने फिरविणारे आपणच असतो. "उठू नका, आजी", "बसा हो, बाबा", हे आपले शब्द म्हणजे त्या चक्राचे वंगण होय.

व्यायाम म्हटले की आपल्या वऱ्हाडात आखाडा, मल्लखांब, लाठी व कुस्ती डोळ्यांपुढे येते, आणि ते स्वाभाविकही आहे. शेजारच्या अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने सबंध प्रांतास व्यायामाची गोडी लावली, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी तेथील चमूने आपले देशी खेळ परदेशीयांस दाखविले. हे सर्व भूषणावह आहे. परंतु त्यामुळे व्यायाम ही तरुणांची मिरास होय असा ग्रह आपल्या मनात बसून गेला. म्हाताऱ्याने फार तर देवळापर्यंत चालावे, तेही जमेनासे झाले की स्वस्थ पडावे.

हा ग्रह किती खोटा आहे, हे अमेरिकेतील बॉस्टन नगरीतल्या वृद्धांच्या एका निवासात दिसून आले. १९९० साली तेथील डॉक्टरांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा निवाशांकडून आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा वजने उचलण्याचा व्यायाम करविला. पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदाव्या वर्षी! तो व्यायाम बराच कठीण होता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता; आपण तसा करावयास जाऊ नये, हे येथेच सांगून ठेवतो. मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, नव्वद वर्षांच्या स्नायूसही काम सांगितले तर तो ऐकतो. दुसरी गोष्ट स्वीडन देशातील आहे. १९९७ साली तेथील संशोधकांनी वृद्धांच्या निवासातील मंडळींबरोबर चालता चालता सहज बोलणे काढले. काहीजण चालत चालत उत्तर देत. काहींस उत्तर देण्यासाठी पाय थांबवावे लागत. ज्यांस थांबावे लागले त्यांपैकी बहुतेक पुढील सहा महिन्यांत पडले. यावरून ध्यानात येते की चालणे हे केवळ पायांचे काम नव्हे, ते मनाचेही काम आहे. तरुणपणी मन मोकळे असते, पाय आपोआप चालतात. वार्धक्यात पायांस मनाची सोबत लागते. म्हणून ज्या व्यायामात शरीर, श्वास व अवधान ही तिन्ही एकत्र बांधलेली असतात, तोच वृद्धांस अधिक मानवतो. चिनी लोकांचा ताई ची या नावाचा संथ व्यायाम आणि आपल्याकडील योगाभ्यासाचे सौम्य प्रकार याच जातीचे होत.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरी राहणाऱ्या वृद्धांनी तोल व बळ यांचा व्यायाम नियमाने केला तर पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे शंभराहून अधिक प्रयोगांच्या एकत्र परीक्षणातून २०१९ साली दिसून आले. परंतु आश्रमातील अतिदुर्बल वृद्धांविषयी असे निःसंदिग्ध विधान करता येत नाही. तेथील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी सर्वस्वी जुळणारे नाहीत. अशक्त माणूस नव्याने उठू लागला की, आधार नसल्यास, प्रथम पडण्याचा संभवही असतो. तेव्हा माझ्या बोलण्यावरून कोणी असे समजू नये की दहा मिनिटे हात हालविले की आश्रमात कोणी पडणार नाही. माझा दावा त्याहून लहान आहे. आपल्या हाताने घास घेता यावा, पेला ओठांशी नेता यावा, आधाराने उभे राहून खाटेवरून खुर्चीवर बसता यावे, शौचास स्वतः जाता यावे आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण स्वतःच्या हाताने करता यावी. ज्यास हे जमते त्यास ते फार थोडे वाटते. ज्याचे हे गेले त्यास विचारावे.

आता काही भाविकांच्या मनातील शंकेकडे वळतो, कारण ती मजपाशी पुष्कळांनी बोलून दाखविली आहे. श्वासाकडे लक्ष देणे, डोळे मिटून बसणे, ही योगाची अंगे. ती कॅथलिकांस चालतील काय? शंका विचारणाऱ्यांचा मी उपहास करीत नाही. १९८९ साली रोमच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांस एक पत्र पाठविले. त्यात देहाची बैठक व श्वास यांचे प्रार्थनेतील साहाय्य नाकारलेले नाही. मात्र देहास लाभणारी शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचे दान होय असा घोटाळा करू नये, असा इशारा दिलेला आहे. तो इशारा मला सर्वस्वी मान्य आहे. खांदा मोकळा झाला म्हणजे आत्मा तरला असे नव्हे. पण खांदा आखडला म्हणजे आत्मा अधिक पवित्र झाला, असेही नव्हे.

शिवाय ही गोष्ट आपल्या घरात परकी नाही. सेमिनरीत आम्हांस संत इग्नाती यांची आध्यात्मिक साधना शिकविली जाते. तिच्या पहिल्याच सूचनेत संतांनी आत्म्याच्या साधनेची तुलना चालणे, फिरणे व धावणे या देहाच्या व्यायामांशी केली आहे. आणि प्रार्थनेच्या तिसऱ्या रीतीत एकेका श्वासागणिक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' या प्रार्थनेचा एकेक शब्द मनात धरावा, दोन श्वासांच्या मध्ये त्या शब्दावर किंवा ज्यास उद्देशून तो आहे त्याच्यावर दृष्टी ठेवावी, असे सांगितले आहे. संत डॉमिनिक देहाच्या निरनिराळ्या नऊ रीतींनी प्रार्थना करीत, असे वर्णन जुन्या परंपरेत आढळते. संत थॉमस अक्विनास यांनी दुःखावरील उपायांत निद्रा व स्नान यांचीही गणना केली आहे. एवढा मोठा तत्त्ववेत्ता, पण माणसास देह आहे हे तो विसरला नाही. आणि आपली मिस्सा तरी काय आहे? उभे राहणे, बसणे, गुडघे टेकणे, ऊर बडविणे, हात जोडणे, शेजाऱ्यास शांती देणे. आयुष्यभर ज्याने संपूर्ण देहाने प्रार्थना केली त्यास आपण वार्धक्यात केवळ कानांनी प्रार्थना करावयास लावतो.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. तिला दहाबारा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. खुर्ची पाठीची, शक्य तर हातांची, आणि भक्कम असावी. चाकांची वा प्लास्टिकची डुगडुगणारी नको. ती भिंतीस टेकवावी. पावले जमिनीस पुरती टेकली पाहिजेत. न टेकल्यास खाली पाट द्यावा. सैल चपला काढाव्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन कसे तापते हे यवतमाळकरांस सांगावयास नको, म्हणून वेळ सकाळची, न्याहारीपूर्वी थोडे पाणी किंवा चहा झाल्यावरची बरी. खुर्चीचा उपयोग ही काही गावठी तडजोड आहे असे कोणी मानू नये. पुण्याचे थोर योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर व लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने आजारी व अशक्त माणसांस आसने करविण्याची पद्धती साऱ्या जगात रूढ केली. बेल्जमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर त्यांच्या हाताखाली शीर्षासन केले, हे प्रसिद्ध आहे. आपण त्या वाटेस मुळीच जाऊ नये; आपल्याला पायांवरच उभे राहावयाचे आहे.

प्रथम नुसते ताठ बसावे आणि दोनतीन श्वास येऊ-जाऊ द्यावेत. मग टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर, चवडे ठेवून टाचा वर, असे संथपणे करावे. एक पाय गुडघ्यातून सरळ करून मनात पाच मोजावे व हळूच खाली ठेवावा, मग दुसरा. मुठी आवळाव्या, बोटे पसरावी. खांदे कानांकडे उचलून सोडावेत. श्वास घेताना हात जमतील तेवढे वर न्यावेत, सोडताना खाली आणावेत. ज्याचा एक हात पक्षाघाताने गेला आहे त्याने चांगल्या हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून तो जपून उचलावा. दुसऱ्या कोणी तो हात कधीही ओढू नये. शेवटी, ज्यांस शक्य आहे त्यांनी पुढे सरकून, पावले मागे घेऊन, आधाराने उठावे व सावकाश बसावे. दोनदा जमले तर दोनदा, पाचदा जमले तर पाचदा. माझ्या मते या सर्वांत मोलाचे कृत्य हेच आहे. बाकीचे सर्व त्याची पूर्वतयारी समजावी. पूर्ण अंथरुणास खिळलेल्यांसही बोटे, घोटे व श्वास उरतातच.

श्वास केव्हाही कोंडू नये. सोडलेला श्वास घेतलेल्याहून किंचित लांब असला की हृदयाची गती निवते, आणि उठण्याचे कष्ट श्वास सोडता सोडता करावेत. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांस कमरेतून पुढे वाकवू नये. ज्यांच्या खुब्याचा सांधा बदलला आहे त्यांस पायावर पाय टाकावयास सांगू नये. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली घालू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांस उभे राहण्यापूर्वी क्षणभर थांबवावे. व्यायाम चालू असता माणसास बोलता आले पाहिजे. बोलवेनासे झाले तर तो अधिक झाला. छातीत दुखले, भोवळ आली की तत्काळ थांबून डॉक्टरांस कळवावे, आणि आरंभ करण्यापूर्वी आश्रमाच्या डॉक्टरांची संमती घेतल्याखेरीज आपल्यापैकी कोणी पाऊल टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांसाठी तोल व बळ यांचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस सांगितला आहे. नाताळास एकदा आणि सणास एकदा, हा हिशेब त्यात कोठेच बसत नाही.

या उपक्रमाचा आरंभ मी व धर्मग्रामातील दोन भगिनींनी गेल्या पावसाळ्यानंतर केला, तेव्हा पहिले आठ दिवस आमची फजितीच झाली. "हात वर करा" म्हटले की निम्मी मंडळी आमच्या तोंडाकडे पाहत. एक आजी तर कशासच प्रतिसाद देईनात. त्यांची स्मृती पुष्कळशी गेली आहे; आपल्या मुलाचे नावही त्यांस नेहमी आठवत नाही. आमच्यापैकी एकीस सुचले. ती त्यांच्यासमोर बसली आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाली, "माय, पऱ्हाटी फुटली न वं, चाल वेचाले." आजींनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांचा उजवा हात उचलला गेला, बोटे पसरली, हवेतील बोंडातून कापूस काढून पोटाशी बांधलेल्या ओटीत टाकल्यासारखी खाली आली, मग डावा, मग पुन्हा उजवा. त्या हातांस चाळीस-पन्नास हंगाम पाठ होते. थांबा म्हटले तरी त्या थांबेनात! सीतादहीला कोण कोण होते तेही त्यांनी त्या दिवशी सांगितले. खरे की कल्पित, देव जाणे.

तेव्हापासून आम्ही परकी नावे सोडून दिली. जाते फिरविणे म्हणजे दोन्ही हातांनी पोटापुढे मोठे वर्तुळ. पाखडणे म्हणजे कोपर, मनगट व खांदे. रहाटाने पाणी ओढणे म्हणजे वरून खाली हात. बैलांस हाकणे म्हणजे आलटून पालटून भुजा. एक बाबा पूर्वी शिंपी होते, ते पायमशीन चालवितात; घोट्यांस याहून उत्तम व्यायाम मला तरी ठाऊक नाही. विद्वान मंडळी यास काय म्हणतील न कळे. परंतु जे शरीरास आधीच येते तेच त्यास पुन्हा करावयास सांगितले तर मनास भीती वाटत नाही, एवढे मी पाहिले आहे.

शेवटची दोन मिनिटे मौनाची असतात. आपले ख्रिस्ती वृद्ध श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक शब्द मनात धरतात. आश्रमात बहुसंख्य मंडळी अन्य धर्मांची आहेत. ती आपापल्या देवाचे नाव घेतात, आणि ज्यांस नाव घ्यावयाचे नाही ते श्वास मोजतात. यावर कोणी मला विचारले, "फादर, ही संधी आपण दवडत नाही काय?" मी तेथे संधी साधण्यास जात नाही. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील संत-सर्व्हां या गावी जान ज्युगां नावाच्या गरीब कामकरी स्त्रीने एका आंधळ्या, लुळ्या विधवेस आपल्या घरी आणले, तिला आपले स्वतःचे अंथरूण दिले आणि आपण माळ्यावर निजू लागली. त्यातूनच पुढे गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ साली तो कलकत्त्यास आला, आणि २००९ साली जान ज्युगां यांस संतपद घोषित झाले. त्यांच्या निवासांचे दार कोणत्याही धर्माच्या गरीब वृद्धास खुले असते. आपणांस तर कोणी आपले अंथरूणही मागितलेले नाही.

तेव्हा कामाचे सांगतो. सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी सकाळी पावणेसात वाजता मंदिराच्या फाटकापाशी गाडी उभी राहील. एका वेळी चौघांची आवश्यकता आहे. उठणाऱ्या प्रत्येक वृद्धाजवळ एक माणूस उभे असले पाहिजे, म्हणून चारांहून कमी आल्यास त्या दिवशी आम्ही उभे राहण्याचा भाग गाळतो. एकूण बाराजण मिळाले तर कोणावरही आठवड्यातून एका सकाळीहून अधिक भार पडणार नाही. तरुण हवेतच, पण साठी ओलांडलेली मंडळीही हवीत. वृद्धांस आपल्या वयाच्या माणसापुढे संकोच वाटत नाही, असा अनुभव आहे. आश्रमात पाट केवळ तीन आहेत. ज्यांच्या घरी जुना, सपाट, न डुगडुगणारा पाट पडून असेल त्यांनी तो कृपया घेऊन यावा. केळी आणू नयेत. संत्री आणावयाची असल्यास न सोललेली आणावीत. नावे लिहिण्याची वही साक्रिस्तीच्या दाराशी ठेवली आहे, आणि तिच्यात आजपर्यंत तीन नावे आहेत, त्यांपैकी एक माझे.